डिस्टोपियन, म्हणजे भीषण भविष्य रंगवणाऱ्या, कादंबऱ्यांमधली सेन्सॉरशिपची सगळ्यात भयंकर टेक्नॉलॉजी कुठली?

तुमच्या प्रश्नाला बहुतेक जण टेलिस्क्रीन (बातम्या दाखवतादाखवता लोकांवर पाळतही ठेवणारा पडदा) असंच उत्तर देतील, आणि ऑर्वेलची '१९८४' पहिल्यांदा वाचली तेव्हा मीही तेच दिलं असतं. पण दुसऱ्यांदा वाचताना डोक्यात जाऊन बसली ती विन्स्टनच्या, म्हणजे सरकारसाठी जुने पेपर बदलणाऱ्या नायकाच्या, टेबलाशेजारच्या भिंतीतली एक साधी फट, मेमरी होल.

त्याचं काम काय आहे बघा ना. सरकारनं फेब्रुवारीत वचन दिलंय की यंदा चॉकलेटचं रेशन कमी करणार नाही, आणि आता ते ३० ग्रॅमवरून २० वर येणार आहे. मग विन्स्टन पेपरचा जुना अंक मागवतो, स्पीकराइटमधे (बोललेलं लिहून देणारं यंत्र) बोलून ते वचन काढतो आणि तिथे 'एप्रिलच्या सुमारास बहुतेक कपात करावी लागेल' असं घालतो, दुरुस्ती नळीतून रवाना होते आणि ज्या चिठ्ठीवर हा हुकूम आला होता ती चुरगाळून त्या फटीत, तिथून थेट भट्टीत. पुढे तो अंक नव्यानं छापतात, जुन्या प्रती नष्ट. आणि मग टेलिस्क्रीनवरून बातमी येते की रेशन २० ग्रॅमपर्यंत वाढवल्याबद्दल लोकांनी मिरवणुका काढून आभार मानले! कमी झाल्याची बातमी येऊन २४ तास झालेत फक्त, आणि कँटीनमधले लोक ते मुकाट्यानं मान्य करतात.

पुस्तकावर बंदी आली तर निदान बंदी आल्याचं तरी कळतं, लोक चोरून मिळवतात, हातोहात फिरवतात. इथे काही गायब झालंय याचाच पुरावा उरत नाही, मग तक्रार करणार कशाबद्दल?

हे कागदाच्या जमान्यातलं, १९४९ चं पुस्तक आहे. जुलै २००९ मधे ॲमेझॉननं हीच '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' लोकांच्या किंडलवरून (ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) परस्पर डिलीट केली. त्यात सेन्सॉरशिप नव्हती, ती आवृत्ती विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, पैसे परत मिळाले, कंपनीनं माफीही मागितली. तरी मला ते अजून अस्वस्थ करतं, कारण विकत घेतलेलं पुस्तक दुसरं कोणीतरी लांबून काढून घेऊ शकतं हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) मात्र वेगळंच सांगते. तिथले फायरमन पुस्तकं जाळतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांचा कॅप्टन बीटी स्वतःच सांगतो की सुरुवात सरकारनं केलीच नव्हती, लोकांनीच आधी वाचणं सोडलं. नायक माँटेग हाही असाच एक फायरमन, त्याच्या बायकोच्या तीन भिंती टीव्हीच्या आहेत आणि तिला चौथी हवीय, २००० डॉलरची, म्हणजे नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. रात्री झोपतानाही कानात छोटे रेडिओ. तिच्यासाठी पुस्तकं जाळायची गरजच काय होती?

आणि याच कादंबरीच्या शाळांसाठीच्या आवृत्तीत प्रकाशकाच्या संपादकांनी हळूहळू ७५ ठिकाणी काटछाट केली होती, ब्रॅडबरीला पत्ताच नाही, वाचकांनी कळवलं तेव्हा समजलं. १९७९ मधे त्यानं त्यावर चांगलंच चिडून लिहिलंय, ते शोधून वाचाच.

आता सुरुवात करणार असाल तर 'फॅरनहाइट' आधी घ्या, लहान आहे. '१९८४' मधे पहिल्या भागाचं चौथं प्रकरण सावकाश वाचा, विन्स्टनला ते काम करताना मजा येते, त्या ओळींवर मी दरवेळी थांबते.