गंगथडीची काळी, पाटोद्याचा मुरूम आणि तुझी क्वाड

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. तू घरी बांधलेली क्वाड, म्हणजे बाईकसारखं हँडल असलेली चार चाकांची गाडी: पल्सर २२० चं इंजिन, स्वतः वेल्डिंग केलेली फ्रेम, मागे एकसंध ॲक्सल, आणि शेजारी तुझ्या मित्राची रॅली किट लावलेली हिरोची एक्सपल्स बाईक. खाली एवढाच प्रश्न: "काका, दोघांची लागली तर कोण पुढं?" उत्तर एका शब्दाचं आहे, बाईक. पण तेवढंच लिहून पाठवलं तर तू उद्याच सिलिंडर काढून बोअर वाढवायला लेथवाल्याकडे पळशील. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कारखान्यातून येणाऱ्या गाड्या घेऊ, म्हणजे तुझ्या वेल्डिंगला दोष द्यायला नको. यामाहाची वायएफझेड ४५० आर ही रेसिंग क्वाड, आणि त्याच घरची वायझेड ४५० एफ ही मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवरच्या शर्यतीची बाईक. दोन्हींत ४५० सीसीच्या वर्गातलं एका सिलिंडरचं इंजिन. तेल-पाणी-पेट्रोल धरून क्वाड साधारण १८५ किलो, बाईक ११० च्या आसपास. दोन्हींवर सत्तर किलोचा गडी बसव. क्वाडचे झाले २५५, बाईकचे १८०. बाईकला ५० हॉर्सपॉवर धर. मग किलोमागे तेवढीच ताकद मिळायला क्वाडला ७१ लागतात. क्वाडचं इंजिन कितीही फुंकलं, कॅम बदलला, पाइप बदलला, तरी ही मधली २१ हॉर्सपॉवर आणणं म्हणजे इंजिनाचं आयुष्य गहाण ठेवणं.

आता तुमचं गणित. एक्सपल्स ४व्ही १९ हॉर्सपॉवरच्या आसपास आणि वजन १६० किलो. तुझं इंजिन २० हॉर्सपॉवरचं, पण फोटोतला पाइप बघून मला तुझी क्वाड २२० किलोच्या खाली वाटत नाही. जाड पाइप आणि वरून जाळीचा पत्रा, कशाला रे? धान्याच्या काट्यावर एकेक चाक ठेवून खरं वजन काढ. चारही चाकं एका पातळीत हवीत, म्हणून उरलेल्या चाकांखाली काट्याच्या उंचीच्या फळ्या घाल. माझा अंदाज खरा निघाला, तर इंजिनाला हात लावायच्या आधी ग्राइंडर हातात घे. वीस किलो कमी करणं दोन हॉर्सपॉवर वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं. शिवाय ते ब्रेक मारताना आणि वळतानाही कामाला येतं, हॉर्सपॉवर तिथं कामाची नाही.

लांबच्या शर्यतीत हे वजन कसं वसूल होतं ते डकारमध्ये, म्हणजे वाळवंटातल्या त्या अनेक दिवसांच्या रॅलीत दिसतं. २०२० ची डकार सौदी अरेबियात झाली. बाईकमध्ये जिंकलेल्या रिकी ब्रेबेकला साधारण ४० तास लागले, क्वाडमध्ये जिंकलेल्या इग्नासिओ कासालेला ५२. आपल्या देशाच्या सी. एस. संतोषने २०१५ मध्ये डकार पूर्ण केली तेव्हापासून आपल्याकडची पोरं ही रॅली बघतात, पण त्यातली क्वाड फारशी कुणी बघितली नाही. २०२५ पासून तर तो वर्गच बंद झाला. कारखान्यांनीही हात आखडता घेतला आहे. होंडाची टीआरएक्स ४५० आर २०१४ नंतर संपली. जपानी ४५० रेसिंग क्वाडमध्ये आता ती एक यामाहाच उरली आहे. मोटोक्रॉस बाईकची मात्र दर काही वर्षांनी फ्रेम आणि इंजिन नव्यानं आखलं जातं. तेव्हा बाईक पुढं गेली ती नुसत्या दोन चाकांमुळे असं समजू नकोस. तिच्यावर डोकं आणि पैसा जास्त लागला आहे.

वजनापेक्षाही मोठी गोष्ट वळणाची. ती तुझ्या फोटोत मागच्या ॲक्सलवरच दिसते. अशा क्वाडला मागे डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा गिअर, नसतो, दोन्ही चाकं एकाच गतीनं फिरतात. सहा मीटर त्रिज्येचं वळण घे. मागच्या दोन चाकांत एक मीटर अंतर असेल तर बाहेरचं चाक साडेसहा मीटरच्या वर्तुळावर जातं, आतलं साडेपाचच्या. म्हणजे बाहेरच्याला १८ टक्के जास्त अंतर कापायचं आहे आणि ॲक्सल म्हणतो, दोघांनी सारखंच फिरा. हा फरक घसरूनच भरून निघतो. म्हणून क्वाड मुद्दाम ढुंगण फेकून वळवावी लागते. गॅस बंद करून वळायला गेलास तर ती सरळच जाते, आणि समोरच्या बांधावर चढल्यावर तुला कळतं की हँडल तर पूर्ण फिरवलेलं होतं. बाईक झुकते, तिला ही अडचण नाही. वर ती एका बोटभर खाचेतून निघून जाते. क्वाडला चार फूट रुंद मोकळी वाट लागते.

पण म्हणून क्वाड सगळीकडे मागे असं नाही. इथं जमीन बोलते, आणि तुमच्या बीड जिल्ह्यात तर दोन टोकांच्या जमिनी आहेत.

गेवराईकडची गंगथडीची, म्हणजे गोदाकाठची काळी जमीन एप्रिल-मेमध्ये तडकते. भेगा अशा की हात आत जावा. बाईकचं २१ इंची पुढचं चाक अरुंद असतं. ते आडव्या भेगेवरून उडून जाईल, पण उभ्या भेगेत सापडलं की स्वार हँडलवरून पुढं. क्वाडचं रुंद, कमी हवेचं टायर भेगेवरून झोपून जातं. उन्हाळी नांगरटीच्या ढेकळांतही क्वाडवरचा माणूस गॅस धरून बसू शकतो. बाईकवाला अर्धा वेळ तोल सावरण्यात घालवतो. तिथं तुझी २२० किलोची बोजडही मित्राला घाम फोडेल. मात्र पहिला पाऊस पडला की त्या मातीत दोघांनीही जाऊ नका. काळा चिखल चाकाला धरतो, मडगार्डखाली ठासून बसतो. तुझ्याकडे तो गोळा करणारी चार चाकं आहेत, त्याच्याकडे दोन.

पाटोद्याकडे बालाघाटावर गेलास की सगळं उलटं. बरड माळ, खाली घट्ट मुरूम, वर सुटी बारीक खडी. मोठ्या मोकळ्या वळणात बाईकचं पुढचं चाक या खडीवर सुटतं, आणि पुढचं सुटलं की वाचत नाही. क्वाड तिथं मागून घसरते, सांगून घसरते, आणि सवय झाली की ती घसरणच तुझी चाल होते. रुंद, सपाट, लांब वळणांच्या माळावर क्वाड आणि बाईक यांच्यातलं अंतर सगळ्यात कमी. पण त्याच माळावर ओढ्याची उतरण आली, दगडांतली पांद आली, एकामागे एक उंचवटे आले, की मित्र दिसेनासा होईल. रॅली किट लावलेल्या एक्सपल्सच्या सस्पेन्शनला पुढं २५० आणि मागे २२० मिलिमीटर चाल, म्हणजे दबायला जागा, असते. तू पुढं बाईकचे मागचे शॉकअप लावले आहेस, त्यांची चाल १०० मिलिमीटरच्या आतली दिसते. दुसऱ्याच उंचवट्यावर ते तळाला टेकतील.

वाळूबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारशील. सरळ वाळूत, वल्ह्यासारखे पाते असलेले टायर लावून, क्वाड जबरदस्त सुटते. अमेरिकेत यामाहाची बॅन्शी नावाची क्वाड त्यासाठीच लोकांनी डोक्यावर घेतली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, आरडी ३५० एलसीच्या घराण्यातलं पाण्यानं थंड होणारं इंजिन. आपल्याकडची राजदूत ३५० त्याच घराण्यातली थोरली, हवेवर थंड होणारी. तिचा आवाज ऐकलेल्या आमच्या पिढीला बॅन्शीचं कौतुक समजावून सांगावं लागत नाही. असो. गोदावरीच्या पात्रात वाळू किती उरली आहे ते तुला माहीत आहे, आणि नाथसागराचं पाणी ओसरल्यावर दिसणारी ती सपाट गाळपेराची जमीन पक्षी अभयारण्यात येते. तिकडे गाडी नेऊ नकोस.

आता पैसे कुठे घालायचे. पहिले शॉकअपमध्ये. वाळूजला एन्ड्युरन्ससारखी शॉकअप बनवणारी कंपनी असल्यामुळे त्या पट्ट्यात डॅम्पिंग कळणारी माणसं छोट्या शेडमध्येही भेटतात. त्यांना वजनाचे आकडे दाखव, नुसतं "हार्ड करून द्या" म्हणू नकोस. मग रुंदी. क्वाड उलटायची मर्यादा ढोबळमानानं चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग भागिले वजनाच्या मध्याची उंची अशी निघते. एक मीटर अंतर आणि स्वारासकट ६० सेंटिमीटर उंची धरली तर ०.८३. दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर वाढवलेस तर ०.९२. तेवढ्यानं वळणात अंगावर येणारी गाडी जमिनीला धरून बसते. पण ही रुंदी पुढं लांब ए-आर्म (चाक फ्रेमला जोडणारे हात) आणि मागे लांब ॲक्सल करून वाढव, आणि टाय रॉड, म्हणजे हँडलचं वळण चाकांपर्यंत नेणारे दांडे, त्याच हिशेबानं लांबव, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात चाकं आपोआप वळतील. रिमजवळ स्पेसर घालून काम उरकू नकोस. बेअरिंग खातात आणि हँडल मनगटं मोडतं.

तिसरं, टायर. क्वाडच्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय हवा असते, डर्ट बाईकच्या टायरमध्ये बारा-चौदा. पेट्रोल पंपावरचा मीटर एवढ्या खाली खरं सांगत नाही. कमी दाबाचा वेगळा गेज घे आणि सायकलच्या पंपानं भर. मागच्या दोन्ही टायरचा घेर टेप लावून मोज. एकसंध ॲक्सलवर घेरात बोटभर फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते, आणि पोरं दोष हँडलला देतात. चेन-स्प्रॉकेटही बघ. पल्सरचं मागचं चाक टायरसकट २५ इंचांच्या आसपास, तुझं २० चं. तोच स्प्रॉकेट ठेवलास तर गाडी ओढेल छान, पण वेग पाचवा हिस्सा कमी. लहान माळावर ते तुझ्या फायद्याचं आहे, बदलू नकोस. फुफाट्यात तेल लावलेला फोमचा एअर फिल्टर, हे दोघांनाही. इंजिनाचा नंबर यानंतर.

मग मोजमाप. दोघं एकदम सुटून कोण पुढं येतं हे बघण्यात मोजमाप काही होत नाही, फक्त धूळ आणि भांडण होतं. चार टप्पे कर: सुरुवातीचे तीस मीटर, मोठं वळण, उंचवटे, सरळ पट्टा. प्रत्येक टप्प्याला झेंडी आणि मोबाइलवर व्हिडिओ, नंतर फ्रेम मोजून वेळ काढ. एकेकट्यानं पळा. आधी क्वाड, मग बाईक, मग पुन्हा बाईक, मग क्वाड, म्हणजे उखडत जाणाऱ्या माळाचा तोटा दोघांत वाटला जाईल. मग स्वार बदला. तुझी क्वाड त्याच्या हातात आणि त्याची बाईक तुझ्या हातात काय वेळ देते, हे कळल्याशिवाय गाडीचा आणि गड्याचा हिशेब वेगळा होणार नाही. सगळ्यात चांगली फेरी मिरवू नका, मधली धरा. माझा अंदाज, तीस मीटरला फरक थोडा, मोठ्या वळणात जवळजवळ बरोबरी, आणि उंचवट्यांवर तू सपशेल मागे.

क्वाड माळापर्यंत छोट्या हत्तीत घालून ने. ती रस्त्यावर चालवायची गाडी नाही, आणि नोंदणीही नाही. शेत कुणाचं ते आधी विचार. मनगटाला दोरी बांधून ओढली की इंजिन बंद पडेल असा किल स्विच दोघांनाही सांगितलाच असता, पण तुला तर तो सक्तीचा. बाईकवरून पडलेला माणूस बहुधा बाईकपासून लांब जाऊन पडतो. क्वाड माणसाच्या मागोमाग येते, आणि तुझी २२० किलोची आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये पाय अडकू नये म्हणून बाजूला जाळीचे बार लाव. ग्राइंडरनं काढलेला पाइप तिथं वापरता येईल, तेवढं वजन माफ.

वजनाचे चार आकडे आणि पुढच्या शॉकअपची लांबी, पूर्ण उघडी आणि पूर्ण दाबलेली, आधी कळव. स्प्रिंग कुठली घ्यायची ते त्यावरूनच सांगता येईल.

तुझा,
काका