सारंगखेड्याचे फोटो टाकण्याआधी

भाऊ, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे फोटो ६००० बाय ४००० मध्ये तसेच चढवू नकोस; गावाकडच्या नेटवर ते उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन येतो. इरफानव्ह्यू हा फोटो बघायचा-बदलायचा प्रोग्रॅम उघड, कीबोर्डवर बी (B) दाब, बॅचची, म्हणजे एकदम अनेक फोटो बदलायची खिडकी येते. ॲडव्हान्स्डमध्ये लांब बाजू १६०० पिक्सेल ठेव. नुसती रुंदी ठरवलीस तर उभे फोटो आडव्यांपेक्षा बरेच मोठे निघतात. जेपेगची क्वालिटी ८० पुरे. १०० ठेवून नुसतं वजन वाढतं. लहान केल्यावर घोड्याची आयाळ जरा मऊ दिसते, म्हणून हलकं शार्पन दे, जास्त नको, केस तारेसारखे दिसतात. आउटपुटचं फोल्डर मात्र वेगळंच हवं, मूळ फाइलींवर सेव्ह झालं की संपलं. घरचे, शेतातले फोटो असतील तर एक्झिफ, म्हणजे फोटोच्या फाइलीत दडलेली माहिती, ठेवायची खूण काढ, त्यात लोकेशन असू शकतं.