पहिल्यांदा मत देणार आहेस? आधी यादीत नाव बघ

मतदार ओळखपत्र खिशात असलं म्हणजे मत देता येतंच असं नाही. यादीत नाव हवं. बहुतेक नवे मतदार इथेच अडकतात. मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसच्या हॉस्टेलवर राहत असशील तर नाव गावी ठेवायचं की मुंबईत आणायचं, हे आधी ठरव. दोन्हीकडे ठेवणं हा गुन्हा आहे. मुंबईत ठेवायचं असेल तर पहिल्यांदाच नोंदणीसाठी फॉर्म ६, गावचं नाव हलवायला फॉर्म ८. गावी नाव असताना पुन्हा फॉर्म ६ भरू नकोस, घोळ तिथेच होतो. हॉस्टेलच्या पत्त्यासाठी संस्थेच्या प्रमुखांच्या सहीचा दाखला लागतो, तो वेळेत माग. वयाची १८ वर्षं १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै किंवा १ ऑक्टोबरला पूर्ण झालेली हवीत. अर्ज मात्र १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ करता येतो. अडलास तर १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन लाव.

मतदानाच्या आदल्या रात्रीच मतदान केंद्र, यादीचा भाग क्रमांक आणि तुझा अनुक्रमांक कागदावर लिहून घे. हो, कागदावरच! मोबाइल केंद्रात नेता येत नाही, म्हणून डिजिलॉकरच्या भरवशावर राहू नकोस. आधार, पॅन, पासपोर्ट किंवा लायसन्स, मूळ कार्डच ने. कॉलेजचं आयकार्ड चालत नाही, नुसती मतदार चिठ्ठीही नाही.

विधानसभा-लोकसभेला बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेआड चिठ्ठी ७ सेकंद दिसते. ती वाच, मगच बाहेर पड. वेळ संपताना रांगेत असशील तर जागा सोडू नकोस, मत देता येतं.