५ किलोवॉटच्या सोलरसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: भुसावळला स्वतःचं घर आहे, रेल्वेची पेन्शन आहे. एप्रिल ते जून महिन्याला ४२० युनिट वीज लागते, एरवी २३५. सोलरवाला ५ किलोवॉट घ्या म्हणतोय, ३,१०,००० रुपये. ३ किलोवॉटचे १,९०,००० आणि २ चे १,३०,००० सांगितले. शिल्लक म्हणाल तर ४ लाखांची एफडी, तेवढीच. ती मोडू का? लोडशेडिंगचा त्रासही मिटेल. मीटर अजून वडिलांच्या नावावर आहे.

काका, सोलर जरूर बसवा, पण ५ चं नको आणि एफडी मोडून तर नकोच.

पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटला ६०,००० रुपये अनुदान आहे, ३ ला ७८,०००. त्यापुढे कितीही वाढवा, ७८,०००च. म्हणजे ३ वरून ५ वर जायचे १,२०,००० पूर्ण तुमच्या खिशातून जाणार. १ किलोवॉटमागे महिन्याला सरासरी १२० युनिट धरा. पावसाळ्यात कमी, हिवाळ्या-उन्हाळ्यात जास्त. ५ किलोवॉट वर्षाला ७,२०० युनिट देईल, तुमचा वापर ३,३७५ चा. उरलेल्याचं काय? नेट मीटरवर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरवर, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण ३१ मार्चला खातं मिटतं आणि शिल्लक युनिटचे पैसे फार कमी दराने मिळतात. आपल्याकडे कूलर आणि एसी जोरात सुरू होतात ते नेमके एप्रिलमध्ये, हिवाळ्यात साठवलेलं सगळं गेल्यावर!

२ किलोवॉटचं गणित बघा. महिन्याला २४० युनिट, म्हणजे एरवीचा वापर जवळपास भागतो आणि उन्हाळ्यात महिन्याला १८० युनिटचंच बिल येतं. १०० आणि ३०० युनिटच्या वरचा महाग टप्पा आधी कापला जातो, खरी बचत तिथेच आहे. अनुदान वजा जाता खर्च ७०,००० आणि तो साधारण ३ वर्षांत निघावा. स्थिर आकार मात्र बिलात राहणारच. तिसरा किलोवॉट घेतला तर आणखी ४२,००० लागतील आणि त्याची बहुतेक वीज शिल्लकच पडेल. तोट्याचा नाही तो, पण इंडक्शन शेगडी किंवा विजेची स्कूटर येणार नसेल तर २ वरच थांबा.

अनुदान सिस्टिम सुरू झाल्यावर खात्यात येतं, म्हणून आधी पूर्ण १,३०,००० लागतील. एफडीवर तारण कर्ज काढा. व्याज एफडीच्या दराहून १-२ टक्के जास्त असतं, पण एफडी शाबूत राहते. अनुदान आलं की ते थेट कर्जात भरा, उरलेलं पेन्शनमधून वर्ष-दीड वर्षात फेडा. आजारपणाला हाताशी पैसा हवा, तो छतावर अडकवू नका.

लोडशेडिंगचा गैरसमज काढून टाका. नेट मीटरची सिस्टिम लाईट गेली की आपोआप बंद पडते, भर दुपारीसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून तशी सोय असते. घरातला जुना बॅटरी-इन्व्हर्टर राहू द्या.

बसवताना पॅनेल आणि गच्चीमध्ये हात जाईल एवढी नव्हे, दीड-दोन फूट मोकळी हवा ठेवा. मे महिन्यात पॅनेल ६५-७० अंशांपर्यंत तापतं आणि २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते. पाया काँक्रीटचाच हवा. विटांवर टेकवलेली चौकट जूनच्या वावटळीत उडते. जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) चौकट, स्टीलचे नटबोल्ट आणि तीन वेगळे अर्थिंग लेखी घ्या. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी अख्ख्या ओळीची वीज घटू शकते. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राकडून वारा असेल तर राखही बसते, पंधरवड्याला पहाटे धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर ती तडकू शकते, आणि बोअरच्या क्षाराचे पांढरे डागही पडतात.

आधी मात्र मीटर तुमच्या नावावर करून घ्या. बिलावरचं नाव, अर्जदार आणि बँक खातं एकच नसेल तर अनुदान अडकतं. अर्ज योजनेच्या पोर्टलवरून, नोंदणीकृत विक्रेत्यामार्फत करा. पॅनेल भारतात बनलेल्या सौर सेलचेच हवेत, नाहीतर अनुदान नाही. नेट मीटर बसेपर्यंत विक्रेत्याचे निदान १० टक्के हातात ठेवा.