मास्टरिंगहून आलेल्या डब अल्बममधला बेसच गेला, चूक मिक्सची की स्टुडिओची? (उत्तर)

तुम्ही लिहिलंय की अल्बम घरच्या स्पीकरवर छातीत बसत होता, मास्टर होऊन (म्हणजे शेवटचं फिनिशिंग होऊन) आला तेव्हा आवाज मोठा झाला पण बेसचा दम गेला, आणि स्टुडिओवाले म्हणतायत मिक्सच (तुम्ही सगळे आवाज जुळवून दिलेली फाइल) कच्चा आहे. हेच्या हेच माझ्यासोबत झालंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी काही व्यावसायिक इंजिनियर नाही, आणि हे फक्त डबबद्दल (रेगेतून आलेलं, बेस आणि एकोवर उभं असलेलं म्युझिक) आहे, रॉकला किंवा पॉपला यातलं बरंच लागू होणार नाही.

सब (अगदी खालचा बेस) मोनो ठेवणं, किक (मोठा ड्रम) आणि बेसला एकमेकांपासून जागा देणं वगैरे तुम्ही केलंच असणार, ते सोडतो.

आमच्या अल्बमचं काम ज्या स्टुडिओनं केलं (नाव घेत नाही) त्यांनी न विचारता तीन गोष्टी केल्या. एक, 40 हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं, म्हणे सेफ राहतं. आता आमचा मुख्य ट्रॅक डी या कीमध्ये (पट्टीत) होता, खालचा डी येतो 36.7 हर्ट्झला, म्हणजे सुराचा पायाच काढून घेतला ना! दोन, टेपची हिस आणि रेकॉर्डची खरखर, जी मुद्दाम थर लावून बसवली होती, ती नॉइज समजून साफ केली. बरियल या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचा 2007 चा 'अनट्रू' हा अल्बम ज्यानं एकदा नीट ऐकलाय त्याला कळतं की रात्रीचं शहर त्या खरखरीतच आहे. आणि तीन, ज्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला, प्रत्येक ट्रॅक वेगळा दाबून (लहानमोठ्या आवाजातला फरक कमी करून) सगळे एकाच लेव्हलला आणले, त्यामुळे नुसता पाऊस आणि एको असलेला मधला तुकडा सगळ्यात जड ट्रॅकइतका मोठा वाजायला लागला. विचारलं तर 'इंडस्ट्री स्टँडर्ड आहे', पुढच्या मेलला उत्तर नाही, आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे. अजून राग येतो, कारण कोणीतरी अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा जरी ऐकला असता तर हे झालंच नसतं.

डबमध्ये हे दाबणं इतकं का मारक ठरतं ते सांगतो. 1970 च्या दशकात जमैकातल्या किंग्स्टनमध्ये किंग टबी (मूळचा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा माणूस) मिक्सर हेच वाद्य करून वाजवायचा, हाय-पास फिल्टर (खालचे सूर कापणारा) हातानं फिरवून बेस काढून घ्यायचा आणि परत सोडायचा. बेस नसतानाची ती जागा रिकामी वाटली पाहिजे, तरच तो परत आल्यावर अंगावर येतो. लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारं यंत्र) जास्त दाबला की बेस गेल्या गेल्या तो ढिला पडतो आणि बाकीचं सगळं वर येतं, एकोची शेपटी विरायच्या ऐवजी फुगते, मग बेस परत आला की सगळं खाली दबतं. ड्रॉप (बेसचं परत येणं) होतो पण लागत नाही. तुमचं 'आवाज मोठा पण दम नाही' हे बहुतेक हेच आहे. आणि एवढं दाबून मिळतं काय, तर स्पॉटिफाय डिफॉल्टला सगळं साधारण -14 एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणतं, -8 चा मास्टर तिथे 6 डीबी खाली येणार, म्हणजे मोठेपणाही गेला आणि चढउतारही गेला. (पूर्ण अल्बम लावला तर ट्रॅकमधला लहानमोठा फरक ते तसाच ठेवतं, हे त्या स्टुडिओला माहीतच नव्हतं.)

भांडायच्या आधी एक मात्र तपासा. 40 हर्ट्झची लाट साडेआठ मीटरची असते, छोट्या खोलीत कुठे दुप्पट वाजते कुठे गायब होते, त्यामुळे घरच्या स्पीकरवर पूर्ण भरवसा नको. तुमचा मिक्स आणि त्यांचा मास्टर दोन्ही सारख्या मोठेपणावर आणून चांगल्या हेडफोनवर ऐका. तरीही मास्टर मेलेला वाटला तर चूक तुमची नाही, ठाम राहा.

पुढच्या वेळी, आणि हे माझं अगदी ठाम मत आहे, काय करायचं याच्यापेक्षा काय करायचं नाही ते लेखी द्या: नॉइज काढू नका, अमुक हर्ट्झच्या खाली विचारल्याशिवाय कापू नका, ट्रॅकमधला फरक आहे तसा ठेवा. आणि सगळा अल्बम एकदम देऊ नका, आधी दोनच ट्रॅक द्या, सगळ्यात जड आणि सगळ्यात रिकामा. त्यातला रिकामा कसा येतो त्यावरून माणूस कळतो.

फोनवर बेस ऐकू येत नाही म्हणून कोणी सब कमी करा म्हणालं तर ऐकू नका. बेसची कॉपी घ्या, तिचा खालचा भाग काढा, सॅच्युरेशन (आवाज थोडा फाटेल असा इफेक्ट) द्या आणि अगदी हळू मिसळा, वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ सुराच्या पटीतल्या सुरांवरून) कान खालचा सूर आपोआप भरून घेतो. तसंच डिलेच्या (एकोच्या) रिटर्नवर, म्हणजे त्यातून परत येणाऱ्या आवाजावर, 200 हर्ट्झच्या आसपास हाय-पास लावून बघा, अर्धा चिखल तिथेच जातो.

व्हिनाइल रेकॉर्ड काढायचा विचार असेल तर त्याचा मास्टर वेगळाच करून घ्या, खालचा बेस स्टीरिओत पसरलेला असेल तर सुई उडते आणि एका बाजूला जास्त मिनिटं कोंबली की बेसची लेव्हल कमी करावीच लागते.

तुमचे ट्रॅक कोणत्या कीमध्ये आहेत आणि त्यांनी कट नेमका कुठे लावलाय तेवढं विचारून इथेच लिहा, त्यावरून पुढचं सांगता येईल.