सासरे टस्कीगीचे पायलट आणि "फाइल जळाली" म्हणणारं ऑफिस

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच लागेना. सासरे टस्कीगीला (अलाबामातलं गाव, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचे काळे पायलट तिथे शिकले) तयार झालेले फायटर पायलट, इटलीत ३३२ व्या फायटर ग्रुपमध्ये, १९४६ ला सैन्यातून बाहेर पडले, आता नवऱ्याला वडिलांच्या कबरीवर नीट दगड बसवायचाय आणि गावच्या लायब्ररीत फलक लावायचाय, आणि कौंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) मदत ऑफिसात सांगितलं की डीडी-२१४, म्हणजे सैन्यातून सुटल्याचा कागद, आणा, नसेल तर १९७३ च्या आगीत फाइल जळाली, आता काही होणार नाही. अहो, हेच सगळं याच क्रमाने आम्हाला ऐकवलं गेलंय, माझेही सासरे टस्कीगीचेच. मी वकील नाही की इतिहासकार नाही, फॉर्मचे नियम बदलत राहतात, तेव्हा भरायच्या आधी ताजं बघून घ्या, पण जे आम्हाला कुणी सांगितलं नाही ते तरी सांगते.

पहिलं म्हणजे १९४६ ला सुटलेल्या माणसाकडे डीडी-२१४ असणारच नाही. तो कागद १९५० पासून आला. त्याआधी ऑफिसर लोकांना डब्ल्यूडी एजीओ ५३-९८ नावाचा कागद मिळायचा, त्यात युनिट, मोहिमा, मेडल्स सगळं असतं, आणि तो चालतो. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसेल तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, कागदाचा नंबर लिहून त्याच्यापुढे ठेवा.

दुसरं ते आगीचं. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरला, जिथे सैनिकांच्या फायली ठेवतात, आग लागली आणि १९१२ ते १९६० मध्ये सुटलेल्या आर्मीवाल्यांच्या साधारण ८० टक्के फायली गेल्या हे खरं आहे. तुमचे सासरे आर्मी एअर फोर्सेसमधले, म्हणजे त्या वेळी आर्मीतच, म्हणून त्यांची फाइल जाण्याची शक्यता मोठीच. (कुणाचे वडील पुढे वेगळ्या झालेल्या एअर फोर्समध्ये राहिले असतील तर तिथे हबर्ड, जेम्स ई. या नावाच्या पुढच्या अक्षरांच्याच फायली गेल्या, त्याच्या अलीकडच्या वाचल्या, ते लोक उगाच घाबरतात.) पण ८० टक्के म्हणजे १०० नाही, काही फायली अर्ध्या जळालेल्या, भिजलेल्या अशा वाचल्या आणि त्या अजून दुरुस्त करून देतात. आणि फाइल गेली तरी पगाराची शेवटची व्हाउचर्स, युनिटचे रोजचे मॉर्निंग रिपोर्ट हे वेगळे ठेवलेले होते. एनए फॉर्म १३०७५ त्यासाठीच आहे, त्यात तुम्हाला ठाऊक असेल ते सगळं लिहायचं, कुठे भरती, कुठले तळ, कुठल्या तारखा, आणि ते लोक इतर कागदांवरून नोकरी जुळवून सर्टिफिकेट देतात.

आता आमचं काय झालं ते सांगते, कारण राग अजून गेलेला नाही. आमच्या इथल्या ज्या ऑफिसचं कामच माजी सैनिकांच्या घरच्यांना मदत करणं हे आहे, तिथल्या माणसाने सेंट लुईसला साधा एक अर्जसुद्धा न पाठवता "जळाली" असं सांगितलं. अधिकाऱ्याने सांगितलं म्हणजे तसंच असणार असं धरून नवऱ्याने विषय बंद केला आणि तो कित्येक वर्षं बंद राहिला. त्या वर्षांत सासूबाई होत्या. त्यांना टस्कीगीच्या दिवसांमधलं सगळं आठवायचं, कुठल्या महिन्यात लग्न, कधी केंटकीला बदली, कुठली खोली भाड्याने मिळाली आणि कुठली मिळाली नाही, म्हणजे त्या १३०७५ मध्ये जे जे विचारतात ते ते. असा फॉर्म असतो हे आम्हाला कळलं तेव्हा त्या गेलेल्या होत्या. आणि कळस म्हणजे सासऱ्यांच्या त्या ५३-९८ ची नक्कल त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, कौंटी रेकॉर्डरच्या जुन्या रजिस्टरमध्ये होती! युद्धानंतर खूप जणांनी आपला कागद असा कौंटी कोर्टात नोंदवून ठेवला होता, हरवला तर असावा म्हणून. त्या माणसाला एक जिना चढा एवढं सांगता आलं नाही. सासूबाईंना तो दगड बघायला मिळायला हवा होता, दुसरं काही नाही.

म्हणून माझं ठाम मत, आधी कोर्ट, मग सेंट लुईस, आणि मदत ऑफिस सगळ्यात शेवटी. सगळी ऑफिसं तशी नसतात, काही ठिकाणी फार चांगली माणसं आहेत, पण "नाही" हे उत्तर लेखी घ्या, आणि कुठे विचारून "नाही" म्हणताय तेही लिहून घ्या. सासरे जिथून भरती झाले ती कौंटी आणि सुटल्यावर जिथे राहिले ती कौंटी, दोन्हीकडे विचारा. सेंट लुईसच्या अर्जावर सही नवऱ्याची असू द्या, मुलगा म्हणून तो जवळचा नातेवाईक धरला जातो, सून धरली जात नाही. सुटून ६२ वर्षं झाली की रेकॉर्ड सगळ्यांना खुलं होतं, म्हणजे तुम्हीही मागवू शकता, पण तेव्हा फी पडू शकते.

दगडासाठी व्हीए (माजी सैनिकांचं सरकारी खातं) फॉर्म ४०-१३३०. दगड सरकार फुकट देतं, खाजगी दफनभूमी असेल तर बसवायचे पैसे दफनभूमीवाले लावतात, ते आधी विचारा. दगडावर "एअर फोर्स" लिहू नका, "आर्मी एअर फोर्सेस" लिहा. एअर फोर्स वेगळी झाली सप्टेंबर १९४७ मध्ये, तुमचे सासरे त्याआधीच बाहेर पडलेले.

फलकाच्या मजकुराबद्दल थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय की "यांच्या संरक्षणाखाली एकही बॉम्बर पडला नाही". ते काढा. हे वाक्य सगळीकडे आहे, मोठमोठे लोक बोलतात, पण एअर फोर्सचेच इतिहासकार डॅनियल हॉलमन यांनी मोहिमांचे कागद तपासून निदान २७ बॉम्बर पडल्याचं दाखवलंय. बॉम्बरना सोबत करणाऱ्या इतर फायटर ग्रुप्सच्या सरासरीपेक्षा तो आकडा बराच कमी आहे, म्हणजे कौतुक कमी होत नाही. उद्या कुणी लायब्ररीत उभं राहून ते एक वाक्य खोडलं की लोक बाकीच्यावरही शंका घेतात, आणि या माणसांवर आयुष्यभर शंकाच घेतली गेली होती हो. त्यापेक्षा २४ मार्च १९४५ ची बर्लिनची मोहीम लिहा, इटलीतल्या रामितेल्लीहून लाल शेपटीची पी-५१ फायटर विमानं घेऊन, त्या दिवशी ग्रुपने तीन जर्मन जेट पाडली आणि त्याबद्दल ग्रुपला डिस्टिंग्विश्ड युनिट सायटेशन मिळालं. सासरे स्वतः त्या दिवशी उडाले होते का हे कागद बघूनच लिहा, नाहीतर नुसतं ग्रुपबद्दल लिहा.

आमचे सासरे ४७७ व्या बॉम्बर ग्रुपमध्ये होते, बी-२५ वर, आणि तो ग्रुप लढाईवर गेलाच नाही, म्हणून ते स्वतःला कधी युद्धातला पायलट म्हणायचेच नाहीत. मला ते फार लागतं. लढाईवर गेले नाहीत कारण त्यांना या तळावरून त्या तळावर फिरवत ठेवलं. एप्रिल १९४५ मध्ये इंडियानातल्या फ्रीमन फील्डवर काळ्या ऑफिसर्सना ऑफिसर्स क्लबात जायला बंदी, ते गेले तर अटक, आणि मग तो वेगळ्या क्लबांचा नियम मान्य आहे अशी सही करा म्हणून हुकूम, तर १०१ जणांनी सही करायला नकार दिला आणि सगळे अटकेत. युद्धकाळात हुकूम मोडणं म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या रेकॉर्डला ताशेऱ्याची पत्रं लागली आणि एअर फोर्सने ती काढायला सुरुवात केली १९९५ मध्ये, तीही ज्यांनी अर्ज केला त्यांची. कुणाच्या घरात ४७७ चं नाव असेल तर फलकावर फ्रीमन फील्ड जरूर लिहा. नुसते विमानाचे फोटो लावून हे वगळायचं, हे मला पटत नाही.

मेडलचं तुम्ही विचारलंय. काँग्रेशनल गोल्ड मेडल २००७ मध्ये टस्कीगीच्या सगळ्यांना मिळून एक दिलं गेलं, ते स्मिथसोनियन म्युझियमकडे आहे. त्याची ब्राँझ प्रत यूएस मिंट, म्हणजे सरकारी टांकसाळ, विकते, तीच घ्या. "ओरिजिनल" म्हणून ऑनलाइन चढ्या भावाने जे विकतात त्याच्या नादी लागू नका.

क्लास नंबर (ट्रेनिंगच्या बॅचचा नंबर) तुम्ही दिलेला नाही, तो शोधा, टस्कीगीला पायलट झालेल्या जवळपास हजार जणांच्या क्लासवार याद्या आहेत. पहिला क्लास मार्च १९४२ चा ४२-सी, त्यात फक्त पाच जण पास झाले होते. पुढच्या क्लासच्या नंबरामागे एसई असेल तर एक इंजिन म्हणजे फायटर, टीई असेल तर दोन इंजिनं. जुन्या ग्रुप फोटोच्या मागे बऱ्याचदा तो लिहिलेला सापडतो.

थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे टस्कीगी म्हटलं की कार्व्हर. ते जानेवारी १९४३ मध्ये तिथेच वारले, आणि त्याच गावाच्या कडेला मोटन फील्डवर तेव्हा ही पोरं विमान शिकत होती. मोटन फील्ड आता नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, हँगरसकट. मुलांना घेऊन जाच.

आणि तुमच्या नवऱ्याच्या आत्या अजून आहेत असं लिहिलंयत तुम्ही, ९० च्या पुढच्या. फॉर्म पुढच्या आठवड्यात भरले तरी चालतील, पण त्यांच्याशी या रविवारीच बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. भाऊ कुठे भरती झाला, सुट्टीवर कधी आला, पत्रं कुठून यायची, हे विचारा. अर्धा तास झालं तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्टचे नियम बघा, ते घरच्यांच्या मुलाखती काही अटींवर घेतात, नाहीतर सासऱ्यांची मूळ पत्रं आणि फोटो देता येतात. क्लास नंबर आणि भरतीची कौंटी कळली की इथे टाका, १३०७५ मध्ये कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते मी सांगते, आमचा भरलेला माझ्याकडे आहे.