मिथिलीन ब्लू उतरतो, पण रंगाईचं पाणी हलत नाही? आधी पीएच बघा

नारळाच्या करवंटीच्या कोळशाने पाण्यातला मिथिलीन ब्लू (चाचणीसाठी वापरतात तो निळा रंग) जवळजवळ साफ झाला, पण कापड रंगाईच्या खऱ्या सांडपाण्यावर काहीच फरक नाही, असं तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि जुनं दुखणं आठवलं. कोळसा करण्याची कृती तुम्हाला येतेच, ती सोडून देतो.

मिथिलीन ब्लू धनभारित असतो. कापसाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग सल्फोनेट गटांमुळे ऋणभारित. रंगाईत सोडा असतो, त्यामुळे वापरलेल्या पाण्याचा पीएच १०-११ असतो, आणि तिथे कोळशाचा पृष्ठभागही बहुधा ऋणभारितच. मग रंग चिकटणार कसा? मिथिलीन ब्लूवरून कोळशाची लायकी ठरवणं हीच सगळ्यात महागडी चूक. एका प्रयोगशाळेचा अहवाल आला होता, त्यात फक्त 'रंग ९७ टक्के कमी' एवढंच. कोणता रंग, किती पीएच, कोळसा किती, ब्लँक (कोळशाविना तोच प्रयोग) घेतला का, विचारलं तर उत्तर नाही. असला कागद काय कामाचा?

आधी कोळशाचा शून्यभार पीएच काढा, म्हणजे ज्या पीएचवर त्याच्या पृष्ठभागावर एकूण भार शून्य असतो तो. ०.०१ मोलर मिठाचं पाणी ५० मिली, पीएच २, ४, ६, ८, १०, १२ असे सहा फ्लास्क, प्रत्येकात ०.१५ ग्रॅम कोळसा, २४ तास हलवा. सुरुवातीचा आणि शेवटचा पीएच जिथे सारखा, तो तुमचा आकडा. पाण्याचा पीएच त्याच्या खाली आणून (तिथे कोळसा धनभारित होतो) मग रंग टाकून बघा. कोळशात राख उरली असेल तर ती पीएच परत वर ओढते, म्हणून ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा, नंतर धुवणाचा पीएच स्थिर होईपर्यंत साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने. आणि कोळसा घातल्यावरही पीएच मोजाच.

तरीही जमलं नाही तर कोळशाची छिद्रं बारीक आहेत असं समजा. करवंटीत २ नॅनोमीटरहून लहान छिद्रांचाच भरणा असतो, मोठे रेणू आत शिरत नाहीत. फॉस्फोरिक आम्लात भिजवून ४५०-५०० अंशांवर तापवलेला कोळसा इथे बरा, हे माझं मत. तुमच्या पाण्यातल्या मिठाने गणित बदलू शकतं, तेव्हा चाचणीच्या पाण्यातही तेवढंच मीठ घाला.

गाळण्याचा कागद स्वतःच मिथिलीन ब्लू शोषतो. म्हणून कोळसा वेगळा करायला सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून गाळ खाली बसवणारं यंत्र) वापरा, नाहीतर कोळशाविना ब्लँक गाळून तो फरक वजा करा. काँगो रेड (चाचणीतला दुसरा, लाल रंग) तर पीएच ३ च्या आसपास निळा पडतो. ४९७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात, म्हणजे त्याच्या लाल रूपासाठीच, मोजलं की रंग गेल्यासारखा दिसतो, आणि तो पाण्यातच असतो.